मुलांचीं मूत्रपिंडें आणि त्यांचे वैद्य



हृदयावर कवि काव्यें करतात, डोळ्यांचें वर्णन करतांना कादंबरीकार थकत नाहींत. परंतु कमरेच्या वर, पाठीच्या आड, रात्रंदिवस निमूटपणें राबणाऱ्या दोन मूत्रपिंडांचें नांव चारचौघांत कोणी काढीत नाहीं. काढलें तर बायका पदर तोंडाला लावतात आणि पुरुष पावसापाण्याच्या गोष्टी बोलूं लागतात. लहान मुलांच्या ह्या अवयवाची काळजी वाहण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य घालविलें, त्या वैद्यांचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि हिंगोलीकडे कयाधूकांठच्या शाळेंत मुलें शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. ह्या विषयाकडे मी वळलों तो माझ्या एका विद्यार्थ्यामुळें. त्याची हकीकत ओघानें येईलच.

इतिहासाचा आरंभ आपल्याच देशांत होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अश्मरीचा, म्हणजे मुतखड्याचा, एक स्वतंत्र अध्याय आहे. हा विकार बहुशः बालकांस होतो असें आचार्यांनीं त्यांत स्पष्ट म्हटलें आहे; आणि बालकांचा बस्ति लहान, अंगावर मांस बेताचें, म्हणून त्यांचा खडा हातीं लागण्यास व बाहेर काढण्यास सोपा, असेंही ते सांगतात. चिकित्सास्थानांत शस्त्रक्रियेचा विधि दिला आहे. पण त्या विधीच्या आधीं एक अट आहे. शस्त्र न चालविल्यास मृत्यु निश्चित, चालविल्यास फळ संशयित; म्हणून वैद्यानें प्रथम अधिपतीची अनुज्ञा घ्यावी! आजकाल शस्त्रक्रियेपूर्वीं मुलाच्या बापाकडून कागदावर जी सही घेतात, तिची ही पणजी म्हणावयास हरकत नाहीं.

मुलांचा हा खडा पुढें शतकानुशतकें टिकला. बोस्टनचे सर्जन बिगेलो ह्यांनीं १८७८ सालीं मूत्रमार्गांतून यंत्र घालून खडा आंतल्या आंत चुरण्याची आणि एकाच बैठकींत सगळा चुरा धुऊन काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मोठ्या माणसांस ती मानवली. परंतु लहान मुलाच्या अरुंद मार्गांतून असलें यंत्र जाणार कसें, ही शंका होती. तिचें उत्तर होळकरांच्या इंदुरांत मिळालें. तेथील रेसिडेन्सीचे सर्जन कीगन ह्यांनीं १८८० नंतरच्या दशकांत लहान आकाराचीं यंत्रें वापरून मुलग्यांवर ही क्रिया करून दाखविली आणि आपला अनुभव विलायतेच्या वैद्यक पत्रांत छापला. पुढें कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन ह्यांनीं उंदरांस निकस अन्न घालून त्यांच्या बस्तींत खडे तयार होतात, असें सिद्ध केलें. दूधदुभतें नाहीं, भाजीपाला नाहीं, नुसत्या धान्यावर वाढलेलें मूल. त्याच्याच पोटीं हा खडा. जसजसें ताट सुधारलें तसतसा बस्तीचा तो जुना खडा मुलांमधून कमी होत गेला. गरिबीच्या ताटांतला हा खडा भल्याभल्या शस्त्रवैद्यांनीं काढला, पण हटविला तो दुधाच्या वाटीनें.

आतां खड्यावरून सुजेकडे वळूं. आमच्या मुलुखांत मुलाच्या अंगावर सूज आली म्हणजे कोणी घेटुळीची भाजी देतें, कोणी सराट्यांचा काढा देतें, आणि मीठ तर सगळेच बंद करतात. ह्यांतील शेवटचा उपाय डॉक्टरही सांगतात, हें येथें नमूद केलें पाहिजे. पण सूज कोठून आली, हा प्रश्न फार काळ अनुत्तरितच होता. त्याचें उत्तर लंडनच्या गाय रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट ह्यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तेंही एका चमच्याच्या साहाय्यानें. सुजलेल्या रोग्याचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर धरलें कीं तें अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें गोठतें, आणि अशा रोग्यांच्या मरणोत्तर तपासणींत मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळतात, हा संबंध त्यांनीं दाखवून दिला. १८४२ सालीं तर त्या रुग्णालयानें दोन दालनें केवळ अशा रोग्यांसाठीं राखून दिलीं आणि शेजारींच प्रयोगशाळा थाटली. मूत्रपिंडाच्या वैद्यकाचा हा खरा पाया होय.

मूत्रपिंड ही एक बारीक चाळण आहे. चाळणीचीं छिद्रें सैल झालीं म्हणजे रक्तांतलें प्रथिन मूत्रावाटे वाहून जातें. तें प्रथिनच रक्तांत पाणी धरून ठेवीत असल्यामुळें आतां पाणी अंगांत झिरपूं लागतें. सकाळीं पापण्या सुजतात, संध्याकाळीं पाय, पुढें पोट. ह्या विकारास नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात, आणि तो बहुधा दोन ते सहा वर्षांच्या मुलांस गांठतो. खरजेच्या फोडांनंतर येणारी सूज निराळी. तींत लघवी थोडी व काळ्या चहाच्या रंगाची होते, आणि योग्य देखरेख असेल तर बहुतेक मुलें कांहीं आठवड्यांत बरीं होतात. ह्या दोन सुजा ओळखतां येणें हें त्या वैद्याचें पहिलें कौशल्य.

मास्तराला मात्र तें येत नव्हतें. १९८८ च्या पावसाळ्यांत माझ्या दुसरीच्या वर्गांत एक मुलगा डोळे सुजवून येऊं लागला. त्या वेळीं हिंगोली हा परभणी जिल्ह्यांतील तालुका होता. स्वतंत्र जिल्हा होण्यास १ मे १९९९ उजाडावयाचा होता. मीं त्याला विचारलें, "काय रे, किती झोपतोस?" दुपारीं त्याच्या गालांकडे पाहून मींच त्याला "भोपळ्या" म्हटलें, आणि मग सारा वर्ग तसें म्हणूं लागला. महिन्याभरानें तो दिसेनासा झाला. मोठ्या गांवीं नेऊन त्याला गोळ्या सुरू केल्या होत्या. सूज साफ उतरली आणि तो शाळेंत परत आला. गोळ्यांनीं भूक वाढली, तोंड चंद्रासारखें वाटोळें झालें. "औषधानंच पोरगं फुगलंय," असें कोणीसें घरांत म्हणालें, आणि सूज नाहींच तर गोळ्या कशाला, म्हणून त्या बंद केल्या. दिवाळीनंतर पुन्हा सूज आली, ताप आला, पोट दुखूं लागलें. ह्या मुलांच्या पोटांत सांचलेल्या पाण्यांत जंतु शिरतात, हें मला पुष्कळ पुढें कळलें. रुग्णालयांत पोहोंचण्यापूर्वींच तो गेला. त्याची पाटी शाळेच्या कपाटांत राहिली होती; ती त्याच्या बापाला नेऊन देण्याचें धैर्य मला दोन महिने झालें नाहीं.

ज्या गोळ्या त्यानें अर्ध्यावर सोडल्या, त्यांचा इतिहास फार जुना नव्हे. १९४० पूर्वीं नेफ्रॉटिक मुलांचा फार मोठा भाग जंतुसंसर्गानें दगावत असे. सल्फा आणि पेनिसिलिन ह्यांनीं त्यांतील कांहीं वांचले. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन जातीचीं औषधें आलीं, पुढें प्रेड्निसोलोन आलें, आणि चाळणीचीं छिद्रें आठ-पंधरा दिवसांत पूर्ववत् होऊं लागलीं. ग्लासगोचे गॅव्हिन आर्नील, न्यूयॉर्कचे हेन्री बार्नेट ह्यांच्यासारख्यांनीं केवळ मुलांच्या मूत्रपिंडांचें शास्त्र उभें केलें. १९७१ सालीं त्याची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्यापूर्वीं, १९६० नंतरच्या दशकांत, अनेक देशांतील रुग्णालयांनीं एकच पद्धत ठरवून मुलांस औषध दिलें आणि सर्वांचे निकाल एकत्र मांडले. त्यांतून निघालें तें असें कीं, बहुतेक मुलांच्या बाबतींत मूत्रपिंडाचा तुकडा काढून पाहण्याची आधीं गरजच नाहीं. गोळ्या द्याव्या, आणि मूत्र स्वच्छ होतें कीं नाहीं तें रोज पाहावें. दर दहांपैकीं आठ-नऊ मुलें ह्या औषधास दाद देतात. पण त्यांच्यांतील पुष्कळांची सूज पुनःपुन्हा उलटते, आणि खरी कसोटी तेथें लागते.

यंत्रांची कथा मी मुद्दामच आवरती घेतों. जर्मनांनीं व्यापलेल्या हॉलंडांत, कांपेन गांवीं, विलेम कोल्फ ह्यांनीं १९४३ सालीं सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनांतून रक्त फिरवून कृत्रिम मूत्रपिंड बनविलें, आणि १९४५ सालीं त्यायोगें पहिला रोगी वांचला, ही गोष्ट अद्भुत आहे खरी. आपल्याकडेही २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना चालू झाली. तथापि वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें तें यंत्राचें. बालवैद्याचा दिवस जातो तो निराळ्याच कामांत.

मुंबईस परळ येथें १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया ह्यांच्या नांवें मुलांचें रुग्णालय निघालें. तेथें डॉ. कुमुद मेहता व डॉ. उमा अली ह्यांनीं, आणि दिल्लीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. आर. एन. श्रीवास्तव ह्यांनीं, ह्या शाखेचा संसार मांडला. २००१ सालीं भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या गटानें नेफ्रॉटिक मुलांच्या उपचाराचे नियम छापले. पहिल्या खेपेस गोळ्या तीन महिने द्याव्या कीं सहा, ह्याविषयीं जगभर वाद होता. तेव्हां भारतांतील निरनिराळ्या रुग्णालयांनीं मिळून मुलांचे दोन गट केले. तीन महिन्यांनंतर एकास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. २०१५ सालीं निकाल आला कीं, तीन महिन्यांवर आणखी तीन महिने देऊन विशेष लाभ नाहीं. ज्या औषधानें मुलाची उंची खुंटते, रक्तदाब चढतो, तें उगाच अधिक देऊं नये, हें सिद्ध करण्यास आमच्याच देशांतील मुलें व डॉक्टर कारणीभूत झाले, ह्याचा मला मास्तर ह्या नात्यानें अभिमान वाटतो.

२०१२ सालीं माझ्या शाळेंतील एका मुलीच्या पापण्या सुजल्या. ह्या वेळीं मीं विनोद केला नाहीं. तिच्या आईबापांबरोबर स्वतः शहरांत गेलों. त्या डॉक्टरांचें नांव मी येथें घेत नाहीं, पण त्यांची सकाळ मीं डोळ्यांनीं पाहिली. प्रथम त्यांनीं मुलीची उंची मोजली. उंचीचा मूत्रपिंडाशीं काय संबंध, असें मला वाटलें. ते म्हणाले, "गुरुजी, मुलाची उंची आणि रक्तांतलं क्रिएटिनिन ह्यांचं गणित मांडलं कीं चाळण किती चालते तें समजतं. १९७६ सालीं श्वार्ट्झ नांवाच्या डॉक्टरांनीं तें बसवलं. तुमच्या त्रैराशिकाचाच भाऊ!" मग दंडाला बाहुलीच्या मापाचा पट्टा बांधून रक्तदाब घेतला. इतक्यांत एक आजी आली. तिला नातवाचें चोवीस तासांचें मूत्र आणावयास सांगितलें होतें. तिनें तें करडईच्या तेलाच्या डब्यांत, झाकणाला कणीक लावून, एस. टी. तून आणलें होतें. वर तेलाचा तवंग. डॉक्टर म्हणाले, "आजी, तपासूं कीं फोडणी देऊं?" आजी इतकी हंसली कीं तिला खुर्ची द्यावी लागली. दुसरा डबा मात्र डॉक्टरांनीं स्वतः धुऊन तिच्या हातीं दिला.

मुलीच्या आईस त्यांनीं ब्राइटचाच प्रयोग शिकविला. रोज सकाळचें पहिलें मूत्र परीक्षानळींत घ्यावें, वरचा भाग दिव्यावर तापवावा, गढूळ झाल्यास व्हिनेगारचे दोन-तीन थेंब टाकावे. तरीही गढूळपणा राहिला तर तें प्रथिन. मग वहींत मांडावें: स्वच्छ असेल तर शून्य, गढूळ असेल त्या मानानें एक, दोन किंवा तीन अधिक-चिन्हें. ओळीनें तीन दिवस शून्य म्हणजे रोग हटला; ओळीनें तीन दिवस तीन चिन्हें म्हणजे उलटला, ताबडतोब कळवावें. मीं जन्मभर मुलांच्या वह्यांवर शून्य दिलें तें शिक्षा म्हणून. डॉक्टर मुलीला विचारीत होते, "ह्या महिन्यांत किती शून्यं मिळवलीस?" आणि ती बोटें मोजीत होती.

आईला अक्षरओळख नव्हती. शून्य आणि अधिक तेवढें मीं तिला पाटीवर गिरवून घेतलें. ती वही मीं पुढें तीन वर्षें दर महिन्यास पाहत असें. फेब्रुवारीचीं पानें विशेष लक्षांत राहिलीं आहेत. त्या दिवसांत आमच्याकडे हळद काढून शिजविण्याची घाई असते, माणसाला जेवावयास उसंत नसते. म्हणून त्या महिन्यांत वही कोरी राहणार, अशी माझी अटकळ होती. पानें उघडून पाहिलीं. एकोणीस दिवस शून्य, मग तीन दिवस तीन-तीन चिन्हें, त्यापुढें शेजाऱ्याच्या हातचें अक्षर: "डॉक्टरांना फोन केला, गोळ्या वाढविल्या." त्यापुढें चिन्हें दोन, मग एक, मग पुन्हा शून्य. आणि प्रत्येक दिवसाच्या कडेला आईच्या अंगठ्याचा हळदीचा पिवळा ठसा.