मटियाबुर्जच्या काठावर

आज आपल्याला कलकत्त्याला जायचं आहे, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या कलकत्त्याला. साल १९२१. हुगळी नदीच्या काठावर, बोटींच्या गोदीजवळ मटियाबुर्ज नावाची वस्ती आहे. तिथे झोपड्यांत आणि उघड्यावर शेकडो माणसं बसून आहेत. बायका आहेत, त्यांच्या कडेवर पोरं आहेत, म्हातारेकोतारे आहेत. बोट लागली की ही माणसं धक्क्याकडे धावतात आणि विचारतात, ही फिजीला जाणार का? डमराला जाणार का? आम्हाला घेणार का?

डमरा म्हणजे दक्षिण अमेरिकेतली ब्रिटिश गयाना. तिथल्या डेमेरारा या भागाचं नाव आपल्या लोकांच्या तोंडी असं झालं होतं.

ही माणसं परदेशात कमवायला निघालेली नवी मंडळी नव्हती. थोड्याच दिवसांपूर्वी ती याच बंदरात उतरली होती. दहा, वीस, कुणी तीस वर्षं परमुलखात ऊस तोडून 'आपल्या देशात' परत आली होती. ज्या जागेला ती स्वतः नरक म्हणायची, तिथेच परत न्या म्हणून आता हात जोडत होती. असं का झालं, ते आज सांगते.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. १८३४ साली इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना उसासाठी माणसं हवी होती. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. करार म्हणजे इंग्रजीत ॲग्रीमेंट, लोकांच्या तोंडी त्याचं झालं गिरमिट, आणि ते करणारे गिरमिटिया. मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम, नाताळ, फिजी अशा ठिकाणी दहा लाखांहून जास्त माणसं गेली. बहुतेक बिहार, संयुक्त प्रांत आणि मद्रासकडची. पण आपल्याकडचीही होती. रत्नागिरीकडची माणसं मुंबईच्या बंदरातून मॉरिशसला गेली, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

माणसं गोळा करणाऱ्या दलालाला अर्काटी म्हणत. तो जत्रेत, स्टेशनवर, तीर्थाच्या गावी फिरायचा आणि एकटं, अडलेलं माणूस हेरायचा. सुरिनामला 'श्रीराम टापू' म्हणायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं देवाच्याच गावाला चाललोय. ऊसतोडीच्या टोळीत गेलेल्या बायकांना उचल आणि मुकादम सांगायला नको. पण इथला मुकादम गावातला तरी असतो. अर्काटी एकदा माणूस डेपोत पोचवला की परत दिसायचा नाही.

बायकांची गोष्ट इथे वेगळी काढून सांगायला हवी. सरकारचा नियम होता की शंभर पुरुषांमागे चाळीस बायका बोटीत असल्याच पाहिजेत. फिजीला गेलेल्या बायकांत निम्म्याहून जास्त एकट्या निघालेल्या होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी सासरच्या जाचातून निघून यात्रेला लागलेली. त्यांच्याबद्दल तेव्हा पुष्कळ वाईटसाईट लिहिलं गेलं. मला वाटतं, घरात धड जागा असती तर त्यातल्या पुष्कळ जणी डेपोच्या दारापर्यंत पोचल्याच नसत्या. परत येण्याची गोष्ट समजायची तर हे लक्षात ठेवावं लागतं. त्यांचं घर त्या निघायच्या आधीच सुटलेलं होतं.

फिजीत करारात लिहिलेली मजुरी पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, म्हणजे तेव्हाचे बारा आणे. बाईला नऊ पेन्स, म्हणजे नऊ आणे. तीही नेमून दिलेलं काम पुरं झालं तर. नाही झालं तर मजुरी कापायची, आणि वर कोर्टात उभं करायचं. राहायला 'लाइन', म्हणजे खुराड्यासारख्या खोल्यांची रांग. मारहाण होती. बायकांवर अत्याचार होते, ओव्हरसियरचे होते आणि आपल्याच माणसांचेही. या सगळ्याच्या बातम्या इकडे येऊ लागल्या तसा देश पेटला. आपल्या कोकणातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही पद्धत बंद करा असा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. पुढे अँड्र्यूज साहेब फिजीला जाऊन डोळ्यांनी पाहून आले. सरोजिनी नायडूंनी अलाहाबादच्या सभेत बायकांच्या अब्रूचा सवाल उभा केला. शेवटी १९१७ साली मजूर पाठवणं थांबलं, आणि १ जानेवारी १९२० ला फिजीतले उरलेसुरले करारही रद्द झाले.

झालं ते चांगलंच झालं. पण माणसं सुटली तर जाणार कुठे, याचा विचार फारसा कुणी केला नव्हता.

फिजीत पाच वर्षं गिरमिटाची आणि पाच मोकळ्या मजुरीची, अशी दहा वर्षं काढली की परतीचा प्रवास फुकट मिळायचा. महायुद्धाच्या काळात बोटी मिळेनात, म्हणून पुष्कळ जण अडकून पडले होते. युद्धानंतर महागाई वाढली, मजुरी वाढली नाही. १९२० च्या सुरुवातीला सुवा शहरात मजुरांनी संप केला. त्यात बायका पुढे होत्या. सरकारने तो पोलीस आणि शिपाई लावून मोडला. इकडे देशात गांधींचं नाव गाजत होतं, लवकरच आपलं राज्य येणार अशी हवा होती. लोकांनी म्हशी विकल्या, भाड्याची जमीन सोडली, भांडीकुंडी वाटून टाकली आणि बोटीत बसले.

आता गावात काय झालं ते ऐका.

समजा, एक जोडपं परत आलं. हा पुरुष एका जातीचा, बाई दुसऱ्या जातीची. दोघांची गाठ कलकत्त्याच्या डेपोत पडलेली. तिकडच्या मळ्यात कोण कुठला हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. बोटीवर सगळे एका भांड्यातलं जेवले होते. एका बोटीतून आलेले एकमेकांना जहाजी भाई, जहाजी बहीण म्हणायचे आणि ते नातं सख्ख्यासारखं पाळायचे. या दोघांना तिकडेच तीन मुलं झाली. आता जायचं कुणाच्या गावाला? त्याच्या गावाला जावं तर घरचे म्हणणार, तू ये, पण ही कोण? तिच्या गावाला जावं तर तिथे ती केव्हाच मेलेल्यांत जमा झालेली. आणि मुलं? त्यांना कुठल्या पंगतीत बसवायचं?

जातपंचायत बसायची. काळं पाणी ओलांडलं, कुणाच्या हातचं खाल्लं त्याचा पत्ता नाही, तेव्हा प्रायश्चित्त घ्या, दंड भरा, जातीला जेवण घाला. ज्याच्याकडे पैसे होते त्याने घातलं. तिकडच्या बायका साठवलेली नाणी वितळवून हातातले, गळ्यातले दागिने करायच्या, नाहीतर नाणीच ओवून गळ्यात घालायच्या, आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखी. बाईची बँक तिच्या अंगावर. एकेक नाणं गावजेवणात गेलं. भाऊबंदांनी उसने घेतले, सावकाराने जुनी बाकी काढली. पैसा होता तोवर 'परदेशातनं आलेला काका' असं कौतुक होतं. माहेरी चार दिवस आलेल्या लेकीचं कौतुक आणि कायमची परत आलेल्या लेकीचं कौतुक यात काय फरक असतो, ते तुम्हाला मी काय सांगू? पैसा संपला आणि पाण्याचा लोटा वेगळा ठेवायला सुरुवात झाली.

मुलीच्या सोयरिकीचा प्रश्न तर सुटायचाच नाही. फिजीत जन्मलेली पोर. तिची बोली वेगळी, चालणं वेगळं, परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ओढायची सवय नाही. तिला कोण करून घेणार? तिकडे बायका कमी होत्या म्हणून लेकीला मागणी होती. इथे तीच लेक बापाच्या गळ्यातला दगड झाली.

हवाही मानवेना. तिकडे वाढलेल्या पोरांना इथला हिवताप झेपला नाही. गावात मजुरी मिळाली तर दोन-तीन आणे. जमीन भावांनी आपल्या नावावर करून घेतलेली. हे सगळं सोसून थकलेली माणसं बिऱ्हाड उचलून परत कलकत्त्याला यायची आणि मटियाबुर्जला थांबायची, कारण डेपो तिथेच आसपास होते. जिथून एकदा गेलो तिथूनच पुन्हा जाऊ, एवढंच त्यांना ठाऊक. याच मटियाबुर्जला पूर्वी अवधचा नवाब वाजिद अली शाह राज्य गेल्यावर येऊन राहिला होता आणि लखनौची आठवण काढत तिथेच वारला. नवाबाला निदान पेन्शन होती.

या वस्तीत रोगराई होती, उपासमार होती. बोटीत जागा मिळवून देतो म्हणून पैसे घेणारे ठग होते. मळ्यांतली गुलामी मोडायला ज्यांनी जिवाचं रान केलं, तेच अँड्र्यूज साहेब या लोकांना भेटले. त्यांची अवस्था कल्पना करून पाहा. ज्या नरकातून या माणसांना सोडवा म्हणून आपण दहा वर्षं ओरडलो, तीच माणसं म्हणतायत, आम्हाला परत पाठवा. मळेवाल्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. बघा, आमच्याकडे किती सुख होतं, ते म्हणू लागले. पण धक्क्यावर बसलेली बाई मळ्याचं गुणगान करत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे होती गिरमिट संपल्यावर मिळालेली भाड्याची शेती, शेजारची जहाजी बहीण, आणि जात न विचारता हाक मारणारी वस्ती. हिंदुस्थान सरकार नव्याने मजूर पाठवायला तयार नव्हतं, तरी या माणसांचे हाल पाहून १९२१ साली 'गँजेस' नावाच्या बोटीतून शेकडो जणांना फिजीला परत जाऊ दिलं. जागा सगळ्यांना पुरली नाही.

दक्षिण आफ्रिकेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या गोऱ्या सरकारला हिंदी लोक नकोच होते. १९२७ साली केपटाऊनला करार झाला. जो कायमचा देशात परत जाईल त्याला फुकट प्रवास, मोठ्या माणसाला २० पौंड आणि मुलाला १० पौंड. दिसायला मोठी रक्कम. नाताळातली मद्रासकडची गरीब कुटुंबं तिला भुलली. त्यातल्या पुष्कळांनी हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. जन्म तिकडचा, भाषेत तिकडचे शब्द, कामाची सवय तिकडची. मद्रासला उतरल्यावर पैसे काही महिन्यांत संपले. करारात एक वाट ठेवलेली होती. एक वर्षानंतर आणि तीन वर्षांच्या आत परत जायचं असेल तर जाता येईल, पण बक्षिसाचे पैसे आणि प्रवासखर्च सरकारला परत करायचा. ज्याच्याकडे पैसे उरले असते, त्याला परत जायची एवढी घाई कशाला झाली असती? तीन वर्षं सरली की दार कायमचं बंद.

या लोकांची चौकशी करून १९३१ साली भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी अहवाल लिहिला. भवानी दयाल स्वतः गिरमिटियाचा मुलगा, जोहान्सबर्गला जन्मलेला. बारा वर्षांचा असताना तो बापाबरोबर बिहारमधल्या गावी आला होता, तेव्हा परत येणं म्हणजे काय हे त्याने भोगलेलं होतं. तिकडे जन्मलेल्यांना इकडे पाठवू नका, ते इथे रुजत नाहीत, असं त्या अहवालातून निघालं. गांधींनीही त्याआधी १९२६ मध्ये लिहिलं होतं की ही माणसं धड इथली राहिली नाहीत, धड तिथली नाहीत, आणि जी वसाहत घेईल तिथे त्यांना नेऊन पोचवणंच बरं.

सगळे परत आलेले पस्तावले असं मात्र समजू नका. गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार माणसं गेली, त्यातली ७५ हजारांच्या आसपास परत आली. कुणी जमीन घेतली, कुणी मुलांना शिकवलं, कुणी गावात मिसळून गेलं. त्यांची गाऱ्हाणी नव्हती, म्हणून त्यांच्यावर अहवालही झाले नाहीत. पण परत येऊन पुन्हा नव्या गिरमिटावर अंगठा उठवणारे लोक १९२० च्या कितीतरी आधीपासून बोटींच्या यादीत दिसतात. एकदा मॉरिशसला जाऊन आलेला दुसऱ्यांदा त्रिनिदादला निघालेला असायचा. दुसऱ्या वेळेला त्याला कुणी अर्काटीने फसवलं नव्हतं. पुढे काय आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरीही तो गेला.

गयानाहून परतीची शेवटची बोट १९५५ साली निघाली. तिचं नाव 'रिसर्जंट'. तिच्यात बहुतेक उतारवयाची माणसं होती. त्याच्या दोनच वर्षं आधी गयानात निवडणूक झाली होती आणि तिच्यात छेदी जगन नावाच्या दाताच्या डॉक्टरचा पक्ष जिंकला होता. त्याचे आईवडील बस्ती जिल्ह्यातून तान्ह्या वयात तिकडे गेलेले. आपापल्या आयांच्या कडेवर.