कापसाचा भाव आणि वेशीची कवाडे

जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' शिकवताना त्यातील एक भाग आम्ही दरवर्षी थोडा सावकाश वाचतो. विलायतेतून यंत्रावर तयार होऊन आलेल्या स्वस्त मालाने येथील कोष्टी, साळी, मोमीन कसे कंगाल झाले, हे जोतीरावांनी त्यात सांगितले आहे. काही वर्षांपूर्वी हा भाग चालू असताना यवतमाळकडचा एक विद्यार्थी उभा राहिला. "कोष्ट्यांचे कापड महाग पडत होते म्हणून ते बुडाले असतील, सर. पण आमचा कापूस अमेरिकेच्या कापसापेक्षा महाग पिकत नाही. मग आम्ही का बुडतो?" त्या तासाला आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. अर्थशास्त्र विभागाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय साहित्याच्या शिक्षकांना असते. ती आम्ही घेतली. आजचे हे टिपण म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

कोष्टी केवळ यंत्रापुढे हरले, हे मुळात अर्धेच खरे आहे. हिंदुस्थानचे छापील सुती कापड जेव्हा इंग्लंडात लोकप्रिय होते, तेव्हा त्या देशाने १७०० साली कायदा करून त्याची देशातील वापरासाठी होणारी आयात रोखली आणि १७२१ साली तर असे बहुतेक कापड अंगावर घालण्यासही बंदी केली. या भिंतीच्या आडोशाने तेथील धंदा वाढला. तो पुरेसा वाढल्यावर भिंत पाडण्यात आली आणि खुल्या व्यापाराचे तत्त्वज्ञान जगाला शिकवले जाऊ लागले. १८८२ मध्ये हिंदुस्थानातील विलायती कापडावरचे आयात शुल्क रद्द झाले. 'असूड' १८८३ चा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे तिजोरीच्या ओढीमुळे सरकारला १८९४ मध्ये पुन्हा शुल्क बसवावे लागले. परंतु लँकेशायरचे नुकसान होऊ नये म्हणून १८९६ पासून आयात कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अबकारी कर, अशी व्यवस्था झाली. आपल्याच कारखान्यावर परक्याच्या सोयीसाठी बसवलेला हा कर १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला.

कापडाची ही कथा आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. कापसाची मात्र फारशी वाचत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, त्यामागे तेथल्या काळ्या जमिनीचे आकर्षण होतेच. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडकला आणि लिव्हरपूलचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. चार वर्षे पैसा आला. मुंबईत शेअरबाजार बेभान झाला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारे कोसळले. तरी १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचलीच. वऱ्हाडचा शेतकरी जगाच्या बाजाराशी बांधला गेला तो असा. त्याच्या कापसाचा भाव आता पाऊसपाण्यावर जितका, तितकाच त्याने कधीही न पाहिलेल्या एका देशातील घडामोडींवर अवलंबून राहिला.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर याच दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. अमेरिकेत कापसाचा भाव ठराविक पातळीच्या खाली गेला की फरक सरकार भरून देते. त्यामुळे भाव पडला तरी तेथील शेतकरी पेरा पुरेसा कमी करत नाही. वाढीव कापूस निर्यातीला निघतो आणि जगाचा भाव आणखी पडतो. २००१-०२ मध्ये हा भाव पौंडाला सुमारे ४२ सेंटपर्यंत उतरला होता. त्याच वर्षी अमेरिकेने सुमारे पंचवीस हजार कापूस उत्पादकांवर ३.९ अब्ज डॉलर खर्च केले, असे ऑक्सफॅमच्या २००२ च्या अहवालात नमूद आहे. ज्यांच्यामागे अशी तिजोरी नव्हती ते बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार देश २००३ साली कानकुन येथील जागतिक व्यापार परिषदेत हा प्रश्न घेऊन उभे राहिले. त्यांच्या हाती आश्वासनांपलीकडे फार काही पडले नाही. ब्राझील मात्र जागतिक व्यापार संघटनेच्या न्यायपीठापुढे गेला, २००५ मध्ये जिंकला आणि २०१४ मध्ये तीस कोटी डॉलर घेऊन त्याने तडजोड केली. मालीच्या शेतकऱ्याचा त्यात वाटा नव्हता. न्याय मिळवण्यासाठीही आधी मोठे असावे लागते, हे आम्हांस या प्रकरणातून कळले.

येथवर उत्तर सोपे होते, कारण दोषी दूर होता. विदर्भातील कर्जबाजारीपणाचे सारे खापर अमेरिकेच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. कोरडवाहू जमीन, बोंडअळी, सावकारी ही कारणे आहेतच, आणि आपली स्वतःची धोरणेही आहेत. शरद जोशी ज्याला 'उणे सबसिडी' म्हणत, तिची ओळख वाचकांना असेलच. जगात कापूस महाग होऊ लागला तेव्हा, एप्रिल २०१० मध्ये, भारत सरकारने निर्यात थांबवली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी घातली, ती ओरड झाल्यावर सैल केली. मालाला भाव आला की वेशीची कवाडे बंद, बाहेरचा माल स्वस्त झाला की ती उघडी.

ही कवाडे कोणासाठी लावली गेली? १८९६ मध्ये लँकेशायरसाठी. २०१० मध्ये आपल्याच सूतगिरण्या आणि यंत्रमाग यांच्यासाठी. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे मागावर उभा असलेला मजूर हा जोतीरावांच्या कोष्ट्याचा आणि मोमिनाचाच वारस आहे, आणि त्याच्या मागाला काम मिळायचे तर सूत स्वस्त हवे. 'असूडा'त शेतकरी आणि विणकर एकाच यादीत, एकाच दुःखात आहेत. आजच्या धोरणाने त्यांना ताजव्याच्या दोन पारड्यांत बसवले आहे. वर्गात आम्ही हे सांगत नाही, कारण सांगितले तर मूळ पुस्तक वेगळे वाचावे लागेल. ते तसे वाचायला हवे, असे आता वाटते.

२०२१ मध्ये कापसावर अकरा टक्के आयात शुल्क बसवण्यात आले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावले, कापड निर्यातदार अडचणीत आले, आणि त्याच महिन्यात सरकारने कापसावरील आयात शुल्क माफ केले. माफीची मुदत आधी सप्टेंबरअखेर होती, ती नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. विदर्भात कापसाची पहिली वेचणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास घरात येते.