धुऱ्यावरचं पातं

भाद्रपदात विदर्भातल्या कुही तालुक्यातले धुरे दिसेनासे होतात. एका बाजूला धान, दुसरीकडं कपाशी नाहीतर सोयाबीन, आणि मधल्या दोन हात पट्टीत कमरेएवढं गवत. जायची वाट त्यातूनच, सापाचा मुक्कामही त्यातच. हे गवत कापायला आजवर इळा होता. आता मांढळच्या रस्त्यानं सकाळी निघालं की कपाशीपलीकडून ब्रश कटरची घरघर ऐकू येते.

परदेशातल्या मोठ्या हिरवळींवर माणूस यंत्रावर बसून गवत कापतो आणि तिथं सध्या वाद आहे तो पेट्रोल बरं की बॅटरी. कुहीत उलटं आहे. इथं यंत्रच माणसाच्या खांद्यावर बसतं. तरी प्रश्न इथंही तोच विचारला जातो. त्याचं उत्तर द्यायचं तर या पात्याचं घराणं पाहायला हवं.

घराण्याचं मूळ आपल्याच मातीत फार खोल आहे. कुही तालुक्यातल्या अडम इथं 1988 ते 1992 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं. मध्याश्मयुगापासून सातवाहनांपर्यंतची वस्ती थरांवर थर अशी उलगडली. त्यात लोहयुगाचाही थर आहे. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टीच सापडली. विदर्भातल्या शिळावर्तुळांमधून कुऱ्हाडी, कुदळी आणि विळे निघाले. गवत कापणारं लोखंडी पातं या मुलखाला इतकं जुनं आहे.

इळ्याचं काम जवळून पाहावं. बाई उकिडवी बसते, डाव्या मुठीत गवताचा झुपका धरते, उजव्या हातानं पातं बुडाशी लावून आपल्याकडं ओढते. कापलेला झुपका मुठीतच राहतो, तो बाजूला रचला जातो. तसे बरेच झुपके झाले की गवताच्याच वेठानं पेंढी बांधली जाते, पेंढ्यांचा भारा होतो आणि तो डोक्यावरून गोठ्यात जातो. म्हणजे इळा गवत कापतो ते ठेवायला. धुरा मोकळा होतो आणि गायीचं पोटही भरतं. या कामाची किंमत गुडघ्यांनी आणि कमरेनं मोजली जाते, आणि बहुतेक वेळा ते गुडघे बाईचे असतात. इळ्याचं कौतुक करताना हे विसरणं अन्यायाचं होईल.

घराण्याला फाटा फुटला तो इंग्लंडात. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव सारखी करायला तिथं फिरत्या दांडगोलावर पाती बसवलेली असत. एडविन बडिंग या कारागिरानं ते पाहिलं आणि तीच युक्ती गवताला लावली. 1830 साली त्यानं पेटंट घेतलं. पुढं स्कॉटलंडच्या शँक्स यांनी तट्टू जुंपायचं मोठं यंत्र काढलं. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून अशा तट्टांच्या पायांत चामड्याचे जोडे घालत. मग 1893 मध्ये वाफेवरचं यंत्र आलं आणि 1902 मध्ये रॅन्सम्स कंपनीचं पेट्रोलवरचं. या फाट्यात गवताचा अर्थच बदलला. इथं गवत चारा राहिलं नाही. जमीन गालिच्यासारखी दिसावी म्हणून ते कापायचं आणि टाकून द्यायचं.

कुहीच्या खांद्यावरचं यंत्र याच फाट्याचं. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे जॉर्ज बॅलस यांनी गाड्या धुणारे गरगर फिरणारे ब्रश पाहिले आणि पॉपकॉर्नच्या डब्याला मासेमारीची नायलॉन दोरी लावून झाडाच्या बुंध्याशी असलेलं गवत झोडपून काढलं. त्याच सुमाराच्या दांड्याच्या यंत्रांना दातेरी चकती लावली की ती झुडपंही कापत. आपल्याकडं ती ब्रश कटर म्हणून आली.

आता मूळ प्रश्न. बॅटरीवर चालणारं, बसून हाकायचं गवतयंत्र ही काही कालची गोष्ट नव्हे. जनरल इलेक्ट्रिकनं 1969 मध्येच ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा 36 व्होल्टचा बागट्रॅक्टर बाजारात आणला होता, शिशाच्या सहा जड बॅटऱ्यांवर चालणारा. तो चालू शकला, कारण वजन चाकांवर होतं. खांद्यावर मात्र प्रत्येक किलो बोलतो.

हिशोब सोपा आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. लहान इंजिन तिचा पाचवा-सहावा भागच पात्यापर्यंत पोचवतं, म्हणजे दीडेक युनिट. 36 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीत साठतं 0.144 युनिट. लिटरभर पेट्रोलचं काम करायला अशा दहा-बारा बॅटऱ्या हव्यात. होंडाच्या 35.8 सीसी इंजिनाइतका, म्हणजे एक किलोवॉटचा जोर सलग मागितला तर एक बॅटरी आठ-नऊ मिनिटांत संपेल. खर्चाचं पारडं मात्र उलट झुकतं. त्या दहा-बारा वेळच्या चार्जिंगला दोन युनिटच्या आसपास वीज लागते, आणि पेट्रोलचा लिटर शंभर रुपयांवर आहे.

पेट्रोलचं दुसरं देणं पैशात मोजता येत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात नवं मिश्रण आत येतानाच त्यातलं काही न जळता धुराबरोबर बाहेर पडतं. सोबत ऑइलही जळतं. त्या धुराचा भपका नाकाशी, इंजिन कानाशी आणि कंप मनगटात. संध्याकाळी पट्टा उतरवल्यावरही बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर राहतात. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही आणि धूरही पुष्कळ कमी. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं तासभर चाललेल्या व्यावसायिक गवतयंत्राच्या धुक्याजोग्या प्रदूषणाची तुलना मोटारीच्या सुमारे 300 मैलांच्या प्रवासाशी केली, आणि 2024 पासून तिथं अशा बहुतेक नव्या यंत्रांना धूरमुक्त असणं बंधनकारक झालं.

पण आपल्या वावरात बॅटरी आधीच जिंकलेली आहे. पाठीवरचा चार्जिंगचा फवारणी पंप पाहा. 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवरची बॅटरी, 16 लिटरची टाकी. पाण्याची छोटी मोटर थोड्याच वॉटवर चालते, म्हणून रात्री घरी लावलेलं चार्जिंग फवारणीच्या कामाला पुरून उरतं. हात मारायचा पंप त्यानं बघता बघता मागं टाकला. मला चिंता आहे ती इथं. हाच पंप आता धुऱ्यावर तणनाशक घेऊन फिरतो. गवतावर चालणारं बॅटरीचं यंत्र कुहीत आलं ते असं, पात्याविना.

ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये ‘माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. औषध वेगळं होतं, पण पाठीवर टाकी आणि तोंडाला नुसता रुमाल हे दृश्य तेच. तणनाशकानं गवत पिवळं पडून मरतं, चारा जातो आणि पहिल्या जोराच्या पावसात उघडा धुरा ढासळतो. कारण धुऱ्याची माती धरून ठेवतात ती त्याच गवताची मुळं.

म्हणून माझं म्हणणं असं. यंत्र कशावर चालतं याच्या आधी विचारावं, कापलेल्या गवताचं काय होतं? नायलॉनच्या दोरीनं त्याचा चुरा होऊन मातीत उडतो. दातेरी चकती लावून यंत्र एका दिशेनं झुलवलं तर गवत आडवं पडतं, उचलता येतं. शाळेचं पटांगण, ग्रामपंचायतीचं आवार, देवळाभोवतीची जागा अशा तासाभराच्या कामाला बॅटरीचं यंत्र घ्यावं. तिथं लेकरांच्या कानांना नि छातीला त्रास नको. सलग दिवसभराच्या धुऱ्यांसाठी आज तरी चार घरांनी मिळून फोर-स्ट्रोक घेणं शहाणपणाचं, डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे घालून. बॅटऱ्या हलक्या झाल्या की हा निवाडा बदलेल आणि बदलावा. तणनाशकाचा मार्ग मात्र मला कोणत्याही हिशोबात बसत नाही.

आणि इळा? तुरीच्या बुडाशी, दगडाच्या कपारीत, विहिरीच्या काठाशी चकती पोचत नाही. तिथं अजूनही कुणीतरी उकिडवं बसतं. फक्त आता दिवसभर बसावं लागू नये. बाकीचं यंत्रानं आडवं केलेलं गवत बाईनं उभ्यानं गोळा करावं, भारा बांधावा आणि गोठ्याची वाट धरावी.