प्रकाशजन्य वार्धक्य (चेहऱ्याची त्वचा)

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण वर्षानुवर्षे अंगावर घेतल्यामुळे त्वचेत वयाआधी दिसू लागणारे बदल. सुरकुत्या, तपकिरी-काळे डाग, खरखरीतपणा, सैलपणा, पिवळसर जाडसर पोत आणि ठळक झालेल्या बारीक रक्तवाहिन्या ही त्याची प्रमुख लक्षणे होत. चेहरा, मान, कानाच्या पाळ्या आणि हातांची वरची बाजू या सदैव उघड्या राहणाऱ्या भागांवर ती प्रथम उमटतात. मराठीत ‘उन्हाने रापलेला चेहरा’ हा शब्दप्रयोग कष्ट आणि अनुभव सुचवतो. वैद्यकाच्या दृष्टीने रापणे म्हणजे इजा झालेल्या त्वचेने स्वतःच्या बचावासाठी वाढवलेले रंगद्रव्य. ही इजा टाळणे एवढाच संरक्षणाचा हेतू आहे. त्वचेचा जन्मजात रंग बदलण्याशी त्याचा संबंध नाही.

वय आणि ऊन : त्वचेचे वार्धक्य दोन प्रकारचे असते. पहिले वयोमानाने येते. त्यात त्वचा हळूहळू पातळ व कोरडी होते आणि तिच्यावर बारीक रेषा पडतात. दुसरे बाहेरून लादले जाते आणि त्याचे सर्वांत मोठे कारण ऊन आहे. धूम्रपान आणि हवेचे प्रदूषण त्याला हातभार लावतात. दोन्हींतील फरक स्वतःच्या शरीरावरच पाहता येतो. साठीतल्या शेतकऱ्याच्या दंडाची आतली बाजू मऊ, एकसारख्या रंगाची आणि जवळजवळ सुरकुतीविना असते. त्याच माणसाच्या मानेवर मागच्या बाजूला आडव्या-तिरप्या खोल चुण्यांची जाळी पडलेली दिसते, तर हनुवटीखालच्या सावलीतली त्वचा पुन्हा नितळ असते. वय तिन्ही जागांचे एकच, ऊन मात्र वेगवेगळे.

कारणे व प्रक्रिया : अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट केले जातात. सर्वांत आखूड तरंगांचे ‘क’ किरण ओझोनच्या थरात शोषले जातात आणि जमिनीवर पोहोचत नाहीत. ‘ब’ किरण (सु. २८० ते ३१५ नॅनोमीटर) मुख्यतः बाह्यत्वचेत शोषले जातात, त्वचा लाल होणे, भाजणे आणि पेशींतील डीएनएला थेट इजा होणे ही त्यांची करणी. ‘अ’ किरण (३१५ ते ४०० नॅनोमीटर) खाली अंतस्त्वचेपर्यंत जातात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत त्यांचा वाटा सु. ९५ टक्के असतो. ते त्वचा सहसा भाजत नाहीत, त्यामुळे होणारे नुकसान जाणवत नाही. साधी खिडकीची काच ‘ब’ किरण अडवते, ‘अ’ किरणांना मात्र बऱ्याच अंशी वाट देते.

अंतस्त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन आणि लवचीकपणा देणारे इलॅस्टिन ही दोन प्रथिने येथे महत्त्वाची आहेत. अतिनील किरणांमुळे पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि त्यातून कोलॅजेन तोडणारी विकरे सक्रिय होतात. त्वचा झालेली झीज भरून काढते, पण प्रत्येक वेळी काही उणीव राहून जाते. अशा उणिवा साचत जातात आणि एके दिवशी सुरकुती म्हणून दिसतात. दरम्यान विस्कळीत, निकामी इलॅस्टिनचे पुंजके साठून त्वचा जाडसर व पिवळट होते. एखाद्या दिवशीच्या कडक उन्हाइतकेच रोजचे थोडे थोडे ऊनही हिशेबात धरावे लागते, ते याच कारणाने.

अभ्यासाचा इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल ऊना यांनी खलाशांच्या चेहऱ्यावरील आणि हातांवरील त्वचेचे बदल नोंदवून त्यांचा संबंध उघड्यावरच्या कामाशी जोडला. १९८६ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅल्बर्ट क्लिगमन यांच्या लेखनातून प्रकाशजन्य वार्धक्य ही संकल्पना रूढ झाली. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने ६९ वर्षांच्या एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. अठ्ठावीस वर्षे गाडी चालवताना त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे राहिली होती. उजवा गाल वयाला साजेसा होता. डाव्या गालाची त्वचा मात्र जाड, लोंबती आणि खोल सुरकुत्यांनी भरलेली होती. भारतात चालक उजवीकडे बसतो, म्हणून येथे तोच धोका उजव्या गालाला असतो.

संरक्षणाचा लाभ तपासणारा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ या काळात झाला. पंचावन्न वर्षांखालील ९०३ व्यक्तींच्या निरीक्षणावर आधारलेला त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य मनास येईल तेव्हा लावणाऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. संरक्षणाची सुरुवात मध्यम वयात केली तरी उपयोग होतो, हे यातून स्पष्ट झाले.

भारतीय त्वचा : सावळ्या व काळ्या त्वचेत मेलॅनीन जास्त असल्याने तिला निसर्गतः काही संरक्षण मिळते, पण ते पुरेसे नसते. अशा त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात आणि आधी बिघडतो तो रंगाचा समतोल. गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर येणारे वांग, डोळ्यांभोवतीचा काळसरपणा, पुटकुळ्यांचे न जाणारे डाग हे आपल्याकडील प्रकाशजन्य बिघाडाचे नेहमीचे रूप. वांगामागे गरोदरपण, संप्रेरके आणि आनुवंशिकता हीदेखील कारणे असतात, पण ऊन ते गडद करते. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग वाढवतो. त्यामुळे वांग असणाऱ्यांना आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते.

उन्हाची तीव्रता : जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकानुसार ३ किंवा त्याहून अधिक आकडा असल्यास संरक्षण घ्यावे, ११ व त्यापुढील पातळी ‘आत्यंतिक’ मानली जाते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो : मे महिन्यात आणि परतताना जुलै-ऑगस्टमध्ये. हे ‘शून्य सावलीचे दिवस’ होत. उपकरणाविना तीव्रता जोखण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतःची सावली पाहणे. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत असे समजावे. मुंबईत मेच्या मध्यावर सु. साडेनऊपासून पावणेचारपर्यंत सावली अशी आखूड राहते. डिसेंबरात ती भर दुपारी थोडाच वेळ तशी असते. पावसाळी ढग विरळ असल्यास अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो. कोरडी वाळू आणि लाटांचा फेस किरण परावर्तित करतात, म्हणून समुद्रकिनारी छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो. दर हजार मीटर उंचीला तीव्रता सु. १० टक्क्यांनी वाढते. महाबळेश्वरची थंड हवा उन्हाची तीव्रता लपवते.

सावली व वस्त्रे : संरक्षणात पहिले स्थान सावलीचे आणि कपड्यांचे. फेटा, पागोटे, उपरणे, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि दुचाकीवर चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ ही आपल्याकडील चालत आलेली साधने. त्यांची उपयुक्तता विणीवर ठरते. कापड उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. घट्ट विणीचे गडद कापड पातळ पांढऱ्या ओढणीपेक्षा कितीतरी जास्त किरण अडवते. सुती कापड घामाने भिजले की त्याची क्षमता घटते. टोपीचा काठ सर्व बाजूंनी किमान तीन इंच असावा, कारण पुढेच छज्जा असलेली टोपी कान आणि मान उघडे टाकते. काळी छत्री थेट येणारे बहुतांश अतिनील किरण अडवते. डोळ्यांभोवतीच्या नाजूक त्वचेसाठी अतिनील किरण रोखणारा गॉगल वापरावा.

सनस्क्रीन : झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिज द्रव्ये किंवा अ‍ॅव्होबेन्झोनसारखी रासायनिक द्रव्ये यांपासून सनस्क्रीन बनते. वेष्टनावरील एसपीएफ हा आकडा प्रामुख्याने ‘ब’ किरणांपासून मिळणारे संरक्षण सांगतो : एसपीएफ १५ सु. ९३ टक्के, ३० सु. ९७ टक्के, तर ५० सु. ९८ टक्के किरण अडवते. ‘अ’ किरणांसाठी जपानमध्ये सुरू झालेली पीए ही श्रेणी पाहावी; अधिक चिन्हे जितकी जास्त, तितके संरक्षण जास्त. भारतीय त्वचेसाठी एसपीएफ ३० किंवा अधिक आणि पीए+++ हा व्यवहार्य पर्याय आहे.

हे आकडे प्रयोगशाळेत प्रति चौरस सेंमी. २ मिग्रॅ. थर देऊन काढलेले असतात. प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतात आणि संरक्षण त्या प्रमाणात ढासळते. तर्जनी व मध्यमा या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा हे चेहरा व मानेसाठी ढोबळ माप. बाहेर पडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे ते लावावे. उन्हात असताना दर दोन तासांनी, तसेच घाम पुसल्यावर किंवा पोहून आल्यावर पुन्हा लावावे. कान, मानेची मागची बाजू आणि ओठ हमखास विसरले जातात. सहा महिन्यांखालील बाळांसाठी सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे वापरावेत.

घरगुती उपाय व धोके : चंदन, मुलतानी माती, साय किंवा कोरफड यांनी त्वचेला गारवा मिळतो, पण ते सनस्क्रीनचे काम करत नाहीत. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणे तर घातक ठरते. लिंबातील द्रव्यांची उन्हाशी प्रक्रिया होऊन फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. गोरेपणासाठी परस्पर वापरली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे त्वचा पातळ करतात, रक्तवाहिन्या ठळक करतात आणि उन्हाची संवेदनशीलता वाढवतात. काही बेकायदा क्रीममधील पाऱ्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत. डॉक्सिसायक्लीनसारख्या काही औषधांनीही त्वचेला ऊन सोसत नाही.

उपचार : ट्रेटिनोइन हे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले द्रव्य बारीक सुरकुत्या व डाग कमी करते, हे सिद्ध झाले आहे. ते रात्री, वैद्यकीय सल्ल्याने लावतात, गरोदरपणात टाळतात. पील व लेसर या उपचारांनी सावळ्या त्वचेवर नवे डाग पडू शकतात, म्हणून ते अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावेत. कोणताही उपचार चालू असताना संरक्षण थांबवले तर केलेले काम वाया जाते. न भरणारी जखम, रक्त येणारी गाठ किंवा आकार-रंग बदलणारा तीळ ताबडतोब दाखवावा. त्वचेचा कर्करोग भारतात कमी आढळत असला तरी होतच नाही असे नाही.

‘ड’ जीवनसत्त्व : ते तयार होण्यासाठी त्वचेवर ‘ब’ किरण पडावे लागतात, त्यामुळे संरक्षणाने त्याची कमतरता होईल अशी शंका घेतली जाते. चेहरा हा शरीराचा लहानसा भाग आहे. तो झाकून हातपायांना थोडे ऊन देता येते. कमतरता असल्यास आहार व पूरक औषधे घ्यावीत.

सामाजिक बाजू : संरक्षणाची सर्वाधिक गरज ऊसतोड मजूर, रस्त्यावरचे वाहतूक पोलीस, मासे वाळवणाऱ्या स्त्रिया, बांधकाम मजूर आणि मिठागरांतील कामगार यांना असते, महागडे सनस्क्रीन सर्वांत कमी पोहोचते तेही त्यांच्यापर्यंतच. त्यांच्यासाठी कामाच्या वेळा भर दुपारपासून दूर सरकवणे, जागेवर सावली उभारणे, रुंद काठाच्या टोप्या आणि घट्ट विणीचे कापड पुरवणे हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत. शाळेतील मैदानी तास सकाळी ठेवला तर हे संरक्षण लहानपणापासून मिळू लागते.