डबल बास : गजवादन व छेडवादन यांच्या ध्वनिवर्धनातील संतुलन

व्हायोलिन कुळातील सर्वांत मोठ्या व सर्वांत खर्जाच्या डबल बास या वाद्यावर एकाच मैफलीत कधी गजाने, तर कधी बोटांनी तार छेडून वादन होत असता, ध्वनिवर्धकातून येणारे त्याचे दोन्ही आवाज श्रोत्याला एकाच वाद्याचे व परस्परांशी मेळ राखणारे वाटावेत, म्हणून वादकाने व ध्वनियोजकाने करावयाची तजवीज. सुमारे १.८ मी. उंचीच्या या वाद्याच्या चार तारा सामान्यतः षड्ज-मध्यम अंतराने लावतात आणि त्यांची कंप्रता अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ व ९८ हर्ट्झ असते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात या वाद्यावर प्राधान्य गजाला, तर जॅझ संगीतात छेडण्याला. दोन्ही रीती ज्याला सारख्याच वापरावयाच्या असतात, त्या वादकापुढे हा प्रश्न विशेषत्वाने उभा राहतो.

कारणे : छेडलेल्या तारेला ऊर्जा एकदाच मिळते, आघाताच्या क्षणी तिचा आवाज शिखर गाठतो आणि लागलीच ओसरू लागतो. गजाच्या राळ लावलेल्या केसांना मात्र तार क्षणोक्षणी चिकटते व सुटते, त्यामुळे गज चालू असेतो ऊर्जेचा पुरवठा अखंड होत राहतो आणि उच्च स्वरांशही विपुल प्रमाणात उमटतात. मानवी कान चाळीस-पन्नास हर्ट्झच्या खर्जापेक्षा दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कितीतरी अधिक संवेदनशील असल्याने, मापकाचा काटा दोन्ही वेळी एकाच रेषेपर्यंत गेला तरी गजाचा आवाज अधिक मोठा व प्रसंगी कर्कश भासतो. छेडवादनाच्या बेताने आवाज ठेवावा, तर गज हाती घेताच तो अंगावर येतो. गजाच्या बेताने उतरवावा, तर छेडलेले स्वर तालवाद्यांच्या कल्लोळात लोपतात.

या तफावतीत पिकअपची, म्हणजे वाद्याचा कंप टिपून त्याचे विद्युत्संकेतात रूपांतर करणाऱ्या साधनाची, भर पडते. घोडीत किंवा घोडीच्या पायाखाली बसविलेले पीझो पिकअप लाकडाचा कंप थेट घेत असल्याने, वाद्याच्या पोकळीतून हवेत मिसळणाऱ्या आवाजाचे मार्दव त्याच्या हाती लागत नाही आणि गजाचे घर्षण तेवढे ठळक होते. गजाने व बोटाने तार ज्या दिशांना हलते त्याही सर्वस्वी एक नसल्यामुळे, पिकअपची जागा बदलताच दोन्ही रीतींचे परस्पर प्रमाणही बदलते.

उपाययोजना : पहिली जबाबदारी वादकाच्या हाताची होय. राळ बेताने लावणे, गजाचा दाब आवरणे, घोडीलगत न वाजविता गज किंचित पट्टीकडे सरकविणे, एवढ्यानेही कर्कशपणा पुष्कळ निवतो. पोलादी तारा छेडवादनात दीर्घकाळ निनादतात, परंतु त्यांपैकी कित्येक गजाला सहज दाद देत नाहीत. आतड्याच्या तारांचा नाद मृदू, पण अल्पजीवी असतो. म्हणून दोन्ही रीतींना मानवतील अशा मध्यम गुणधर्माच्या तारा निवडणे हिताचे ठरते.

यंत्रसामग्रीच्या बाबतीत प्रीअँप्लिफायरचा प्रवेशरोध किमान दहा लाख ओहम असावा, अन्यथा पीझोचा खर्ज गळून उरलेला आवाज किरटा होतो. छेडवादन पिकअपकडे व गजवादन मायक्रोफोनकडे सोपविणे, किंवा दोन स्वतंत्र चॅनेल ठेवून पायाच्या कळीने त्यांची अदलाबदल करणे, हे सर्वांत समाधानकारक मार्ग होत. ती सोय नसल्यास व्हॉल्यूम पेडल तरी असावे. गजाच्या चॅनेलवर दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग इक्वलायझरने कमी करावा आणि सर्वांत खालच्या तारेच्या कंप्रतेखालील निरुपयोगी गुरगुर गाळणीने तोडावी. कॉम्प्रेसरने छेडवादनाची शिखरे आटोक्यात येतात, परंतु त्याच्या अतिरेकाने गजाची खरखर व फीडबॅकचा धोका वाढतो. वाद्याची विस्तीर्ण पोकळी ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने स्वतःच कंप पावू लागते, यास्तव ध्वनिक्षेपकाचे तोंड वाद्याकडे कधीही नसावे.

संतुलन ठरविताना प्रथम छेडवादनाचा आवाज संपूर्ण वाद्यमेळासह निश्चित करावा, नंतर तीच स्वरावली गजाने वाजवून केवळ गजाचे चॅनेल उतरवावे, आणि अखेरचा निवाडा मंचावरून न करता सभागृहाच्या मागच्या रांगेतून करावा. कारण वाद्याला टेकून उभ्या असलेल्या वादकाला स्वतःच्या अंगात जाणवणारा कंप श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्राशी संबंध : मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांनी अमेरिकन बासवादक एडगर मायर व बँजोवादक बेला फ्लेक यांच्यासह ‘द मेलडी ऑफ ऱ्हिदम’ (२००९) आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांनाही सोबत घेऊन ‘ॲज वी स्पीक’ (२०२३) हे ध्वनिमुद्रित संग्रह सिद्ध केले, त्यांपैकी दुसऱ्यास २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. मायर हे गज व छेड या दोन्ही रीतींवर सारखेच प्रभुत्व असलेले वादक असल्यामुळे, तबल्याच्या तीक्ष्ण बोलांशेजारी खर्जाची ही दोन रूपे कशी नांदतात, याचा अभ्यास करणाऱ्याने हे संग्रह अवश्य ऐकावेत.

महाराष्ट्रात इतरत्र, उदाहरणार्थ अमरावती जिल्ह्यातील मोर्शीच्या परिसरात, डबल बास हे परंपरेतील वाद्य नव्हे. तथापि ज्या भजनपरंपरेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) खंजिरीच्या साथीने नवे चैतन्य दिले आणि जिचा गुरुकुंज आश्रम याच जिल्ह्यात मोझरी येथे आहे, तिच्या मंचावरही अखंड व क्षणिक आवाजांना निरनिराळे प्रमाण देण्याचा हाच नियम लागू पडतो. पेटीचा अखंड स्वर व एकतारीचा क्षणात विरणारा टणत्कार एकाच मायक्रोफोनच्या स्वाधीन केल्यास एकतारी बुडते. तिला निराळा मायक्रोफोन व निराळे प्रमाण दिल्यास ती स्वतःच्या जागी उभी राहते. मोर्शीच्या मंडपात असो वा मुंबईच्या सभागृहात, भिन्न स्वभावाच्या आवाजांना एकच माप लावणे म्हणजे संतुलन नव्हे. प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे वाव देणे, हेच या विद्येचे सार होय.