शोध बंद करावा का? रुमाल, सकळ लिपी आणि संगणकाची यादी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, संगणकातला तो आतला फायली शोधायचा प्रकार बंदच करून टाकावा का? मशीन फार हळू चालते." प्रश्न तांत्रिक आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पण हा उद्योग मी भंडाऱ्यात माझ्याच टेबलावर करून बसलेलो आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो. सुरुवात थोडी मागून करतो. म्हाताऱ्यांची ती खोडच असते.

आधी हे बघा, की आपण चौकटीत शब्द टाकतो आणि क्षणात फायली समोर येतात, तेव्हा संगणक त्या फायली वाचत नसतो. त्यानं त्या अगोदरच वाचलेल्या असतात आणि कोणता शब्द कोणत्या फायलीत आहे याची यादी करून ठेवलेली असते. शोध होतो तो यादीत. गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते ना, तसंच. ज्या वारकऱ्याला गाथा पाठ आहे तो ती सूची उघडत नाही. ती तुमच्या-माझ्यासाठी.

आता यादी नसली म्हणजे काय होतं, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण पुण्याचं पेशवे दप्तर. कापडात बांधलेले हजारो रुमाल, आत कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीत. कागद नष्ट झालेले नव्हते, जागच्या जागी होते. पण हवा तो कागद कोणत्या रुमालात, हे सांगणार कोण? शिवाय इंग्रज सरकार सहजासहजी कुणाला आत येऊ देत नसे. शेवटी रियासतकार गो. स. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी बसले, रुमाल सोडून वाचत गेले, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर आले. आपण आज एखादं पत्र चटकन काढतो, ते कुणीतरी आधी डोळे शिणवले म्हणून. यादी फुकट होत नाही, तिची मजुरी कुणीतरी अगोदर भरलेली असते.

संगणकात ही मजुरी यंत्र भरतं. २००४ साली गूगलनं घरच्या संगणकातल्या फायली शोधून देणारा प्रोग्रॅम काढला, २००५ मध्ये अ‍ॅपलचा स्पॉटलाइट आला, आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून असा शोध विंडोजमध्येही मुळातच बसवलेला आला. तेव्हाच्या डिस्क फिरत्या होत्या. फिरत्या डिस्कला वाचायची सुई एकच. यादी करणाराही तिलाच कामाला लावणार आणि तुमची फाईल उघडायलाही तीच लागणार. म्हणून मशीन अडखळायची, आणि "सर्च बंद करा" हा सल्ला तेव्हापासून गावोगाव पसरला. सल्ला त्या काळी अगदीच चूक नव्हता. आता एसएसडी आल्या, त्यात फिरणारं काही नाही, आणि आपण काम करत असलो की यादीवालाही जरा मागे सरून थांबतो. सल्ला मात्र जुनाच चालू आहे.

आता माझी गोष्ट. गोसीखुर्द धरणात गावं जायची होती, त्या सुमारास पवनीकडच्या काही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मी टिपून घेतल्या होत्या. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, त्याआधी तलावाचं पाणी कसं वाटायचे, जंगलातून सरपण आणायचा, गुरं चारायचा गावाचा हक्क काय होता, म्हणजे आपण ज्याला निस्तार म्हणतो ते सगळं. पुढे एकानं ते टाइप करून दिलं. ती माणसं आता नाहीत, गावंही मूळ जागी नाहीत. मागच्या वर्षी मला ते टिपण हवं होतं. 'निस्तार' टाकलं. एकही फाईल नाही. पुन्हा टाकलं, 'तलाव' टाकलं. काही नाही. मनातून हादरलो. पुन्हा भेटून विचारायचं म्हटलं तर कुणाला विचारणार? रागाच्या भरात, हा शोध मशीन हळू करतो आणि सापडत तर काहीच नाही, असं म्हणून तो बंद करून टाकला.

फाईल तिथेच होती. एका जुन्या विद्यार्थ्यानं एकेक फोल्डर उघडत ती काढून दिली. सापडली नव्हती कारण ती जुन्या फॉन्टमध्ये होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपली टायपिंगची दुकानं पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांवरच चालली. त्यात पडद्यावर 'निस्तार' दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची माळ साठवलेली असते. फॉन्ट तिला मराठीचा मुखवटा चढवतो. यादी करणारा मुखवटा बघत नाही, आतली माळ वाचतो.

मला त्या क्षणी महानुभाव आठवले. लीळाचरित्रात भेटणारे निळभट्ट भांडारेकार आपल्याच भंडाऱ्याचे, म्हणून हा पंथ मला घरचा वाटतो. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, म्हणजे एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरंच चिन्ह. पोथी परक्याच्या हाती पडली तरी मजकूर पडू नये. झालंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी ती उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते मराठी वाचताच येत नव्हतं. त्यांनी हे जाणूनबुजून केलं. आपण मात्र आपली कागदपत्रं सकळ लिपीत घातली आणि आपल्याला पत्ताही नव्हता!

तर बंद करावा का? माझं मत, सरसकट नको. बंद केल्यावर फायली जात नाहीत, शोधही पुरता थांबत नाही; पण तो एकेक फोल्डर धुंडाळत हळू चालतो, आणि बहुधा फायलींची नावंच बघतो, आतला मजकूर नाही. ज्याला प्रत्येक फाईल कुठे ठेवली ते पाठ आहे, त्यानं खुशाल बंद करावा. माझ्या वयाला ते जमत नाही. मशीन जुनी असेल तर 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये जाऊन फोटो, सिनेमे, जुने बॅकअप यांच्या फोल्डरांवरची खूण काढा, लिखाणाचं फोल्डर राहू द्या. काही काळ बंद ठेवून परत चालू केलात, तर साचलेलं वाचायला त्याला थोडा वेळ द्या. तेवढ्यात "बघा, हळूच आहे" म्हणू नका. आणि जुन्या फॉन्टातलं युनिकोडमध्ये आणा. हे काम शोध चालू असो की बंद, करावंच लागेल.

माझं ते चालू आहे. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते आणि रफार घसरतो, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. रोज दोन पानं होतात. पवनीची फाईल झाली. आता 'निस्तार' टाकलं की ती सगळ्यात वर येते. अजून दोन पिशव्या सीडी कपाटात आहेत, आणि त्या वाचायला माझ्या संगणकाला खाचच नाही.