खपली गव्हाचे वर्गीकरण : लिनीअस ते जनुकीय चिन्हके

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील शेतकरी गव्हाचे भेद दाण्यावरून व मळणीवरून ओळखतो. मळणीनंतरही ज्याचे टरफल सुटत नाही व जो कांडावा लागतो तो खपली. कठीण दाण्याचा, रव्यास उत्तम तो बन्सी. आणि तिसरा पोळीचा नेहमीचा गहू. या परस्परांशी निकट असलेल्या जातींमधील सीमा शास्त्राने कशी निश्चित केली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बाह्यरूपाकडून गुणसूत्रांकडे :
लिनीअसने १७५३ मध्ये वसंतात पेरला जाणारा व हिवाळी गहू या दोन स्वतंत्र जाती मानल्या. पुढे त्या एकाच जातीत समाविष्ट झाल्या. १९१८ मध्ये जपानच्या साकामुरा यांनी गव्हाचे १४, २८ व ४२ गुणसूत्रांचे तीन गट दाखविले. खपली व बन्सी २८ च्या, तर पोळीचा गहू ४२ च्या गटात येतो. १९४४ मध्ये जपानमध्ये किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की, पोळीच्या गव्हातील तिसरा जनुकसंच, म्हणजे 'डी', एका रानगवताकडून आला आहे.

चिन्हकांचे योगदान व मर्यादा :
तथापि खपली व बन्सी यांची गुणसूत्रसंख्या समान आहे आणि दोहोंत 'ए' व 'बी' हेच जनुकसंच आहेत. येथे गुणसूत्रगणना अपुरी पडते. डीएनएतील लहान पुनरावृत्त क्रमांवर आधारित चिन्हकांचा गव्हासाठीचा नकाशा १९९८ मध्ये जर्मनीतील गाटर्सलेबेन येथून प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये पोळीच्या गव्हाचा संदर्भ-जनुकसंचही उपलब्ध झाला. बहुगुणित वनस्पतीत एकच चिन्हक अनेक जनुकसंचांत आढळू शकते. त्यामुळे ते कोणत्या संचातील आहे हे ठरविल्याशिवाय काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. खपलीला बाजारात अधिक भाव मिळतो. परंतु पीठ झाल्यावर टरफलाची खूण उरत नाही. पोळीच्या गव्हाची भेसळ 'डी' संचाच्या चिन्हकाने उघड होते. बन्सीची भेसळ मात्र त्याने सापडत नाही. तेथे दोहोंतील सूक्ष्म भेद दाखविणारी चिन्हकेच हवीत.

निष्कर्ष :
टरफल घट्ट राहणे वा सुटणे हे प्रामुख्याने मोजक्या जनुकांवर अवलंबून असते. म्हणूनच अनेक अभ्यासक खपली व बन्सी यांना एकाच जातीच्या उपजाती मानतात. चिन्हके वंशसंबंध दाखवितात. जातीची सीमा कोठे आखावी हा निर्णय अभ्यासकाचाच राहतो. शेतकऱ्याने टरफलावरून केलेला भेद जनुकीय पातळीवरही खरा ठरतो, ही बाब लक्षणीय आहे.